चौदा पुस्तकांची यादी बाजूला ठेवा, बाई

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार वकील मॅडम,

मी एका खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत पंधरा वर्षं मराठी आणि इतिहास शिकवते. वय 38. मागच्या वर्षी आमच्या एका सहकारी शिक्षिकेवर संस्थेने चौकशी लावली. समितीवर तिच्या बाजूचा सदस्य म्हणून तिने माझं नाव दिलं. बाकी दोघांनी एका अहवालावर सह्या केल्या, मी माझं वेगळं मत चार पानांत लिहून दिलं. तिला कामावरून काढलं आणि ती स्कूल ट्रिब्युनलमध्ये अपिलात गेली. तिच्या वकिलांनी माझं टिपण वाचून विचारलं, "या बाई वकील आहेत का?" तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय. तीन वर्षांचं एलएलबी करायचं आणि शिक्षण कायद्यातच काम करायचं. सीईटी देणार आहे. ओळखीच्या एका विद्यार्थ्याने चौदा पुस्तकांची यादी दिली, त्यातली पाच नुसती शिक्षण कायद्यावरची. सगळी घेणं परवडणार नाही. कोणती घेऊ? माझी पदवी मराठी माध्यमातली आहे. इंग्रजी वाचता येतं, पण वेग नाही. नोकरी सोडावी लागेल का? टिपणाची प्रत सोबत जोडली आहे.

ता. क. बेअर ॲक्टमध्ये पेनाने खुणा केलेल्या चालतात का?

— एक शिक्षिका

सल्ला

बाई,

('मॅडम' लिहायला घेतलं होतं, पण शिक्षिकेला बाई म्हणायची सवय शाळेपासूनची. राहू दे.)

पत्राच्या आधी तुमचं टिपण वाचलं. तारखा एकाखाली एक, साक्षीदाराच्या जबाबातली विसंगती पान क्रमांकासह, आणि कुठेही संताप नाही. वकिलांनी विचारलं त्यात नवल काहीच नाही. पण दुसऱ्या पानावर एका ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. तुम्ही लिहिलंय, "शासन निर्णयानुसार चौकशी समितीत कर्मचाऱ्याने सुचवलेला एक सदस्य असणे बंधनकारक आहे." मुद्दा बरोबर, पत्ता चुकला. हे कुठल्या जीआरमध्ये नाही. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा जो अधिनियम आहे, ज्याला आपण सगळे एमईपीएस ॲक्ट म्हणतो, त्याखाली 1981 मध्ये नियम झाले. त्यातला हा नियम 36. मुख्याध्यापक सोडून इतर कर्मचाऱ्याची चौकशी असेल तर एक सदस्य व्यवस्थापनाचा, दुसरा कर्मचाऱ्याने सुचवलेला, कुठल्याही खाजगी शाळेतला कर्मचारी, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतून. तुम्ही ज्या खुर्चीवर बसलात ती खुर्ची या नियमाने मांडलेली आहे.

हा फरक किरकोळ वाटेल. स्टाफरूममध्ये सगळ्यालाच "जीआर आहे" म्हणतात आणि तिथे ते खपतं. पण जीआर ज्या खात्याने काढला त्याला तो दुसऱ्या जीआरने मागे घेता येतो. नियम बदलायचा तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. अधिनियम बदलायचा तर विधिमंडळात जावं लागतं. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर संविधान. समोरचा वकील जेव्हा म्हणतो, "हा जीआर नंतर रद्द झाला", तेव्हा तुमचा मुद्दा कोणत्या पायरीवर उभा आहे यावर तो टिकतो किंवा पडतो.

त्या चौदा पुस्तकांत कायद्याबद्दलची पुस्तकं आहेत, कायदा एकातही नाही. म्हणून ती यादी सध्या कपाटात ठेवा.

पहिली खरेदी दोनच पातळ पुस्तिकांची. एक, एमईपीएस ॲक्ट आणि 1981 चे नियम. दोन, बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा 2009 चा अधिनियम, म्हणजे आरटीई, महाराष्ट्राच्या नियमांसह. दोन्ही बेअर ॲक्ट, टीकाटिप्पणी नसलेले, नुसती कलमं. मराठी-इंग्रजी समोरासमोर छापलेली प्रत मिळाली तर तीच घ्या. 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर अधिनियम फुकट आहेत, पण पहिलं वाचन कागदावर करा. कलम वाचताना बोट मागे-पुढे न्यावं लागतं आणि मोबाइलवर ते होत नाही.

बोट मागे-पुढे म्हणजे काय, ते दाखवते. आरटीईचं कलम 12(1)(सी) सगळ्यांना ठाऊक असतं, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या पंचवीस टक्के जागांचं. उघडा. त्यात "खाजगी शाळा" असे शब्दच नाहीत. "कलम 2 च्या खंड (एन) मधील उपखंड (तीन) व (चार) मध्ये निर्दिष्ट केलेली शाळा" अशा वळणाचं काहीतरी आहे. आता मागे जा, कलम 2(एन) वर. तिथे शाळांचे चार प्रकार सापडतात: सरकारी किंवा स्थानिक प्राधिकरणाची, अनुदानित, केंद्रीय विद्यालयासारखी विशेष वर्गातली, आणि कोणतंही अनुदान न घेणारी. म्हणजे पंचवीस टक्क्यांचं ते कलम तिसऱ्या आणि चौथ्या प्रकाराला लागतं. मग तुमच्या अनुदानित शाळेचं काय? पुन्हा पुढे, 12(1)(बी). अनुदानाच्या प्रमाणात, पण किमान पंचवीस टक्के. "दुर्बल घटक" म्हणजे कोण? परत मागे, 2(ई). पैसे कोण देणार? पुढे, 12(2): सरकारचा प्रत्येक मुलामागचा खर्च किंवा शाळेने प्रत्यक्ष आकारलेली रक्कम, यातलं जे कमी असेल ते. एका कलमासाठी पाच ठिकाणी बोट फिरलं. जाडजूड पुस्तक हे सगळं एका परिच्छेदात देतं, वाचलं की समजल्यासारखं वाटतं आणि बोट मात्र आळशी होतं.

या कलमावरच पुढे काय घडलं ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. 9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारने प्रवेशाच्या नियमांत दुरुस्ती केली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि 19 जुलै 2024 ला ती दुरुस्ती रद्द झाली. युक्तिवाद लांबलचक झाले, पण गाभा तुम्ही आत्ता बोटाने वाचलात तोच आहे. 12(1)(सी) मध्ये अंतराची अशी सूट नाही, मग त्या अधिनियमाखाली केलेल्या नियमात ती कुठून येईल? मुलगा आईच्या पुढे चालायला लागला, असं माझे सिनियर म्हणायचे. हा निकाल मिळवून वाचा. तुमचा पहिला निकाल हाच असू दे. त्यातले सगळे शब्द तुम्हाला रोजच्या कामातले आहेत.

आता "शिक्षण कायदा" या नावाबद्दल थोडं वाईट बोलते. लॉ कॉलेजात बहुतेक ठिकाणी या नावाचा अनिवार्य पेपर नसतो. संविधान, प्रशासकीय कायदा, करार, अपकृत्य, फौजदारी, कायद्याचा अर्थ कसा लावायचा, हे पेपर असतात. शिक्षण कायदा त्यांच्या बेरजेतून होतो. वरचं पंचवीस टक्क्यांचं प्रकरण शाळेचं दिसतं, पण आहे प्रशासकीय कायद्यातलं: नियम करणाऱ्याने आपल्या अधिकाराबाहेर पाऊल टाकलं का? तुमच्या सहकारी बाईंची चौकशी शाळेची दिसते, पण आहे नैसर्गिक न्यायाची: तिला आरोपपत्र मिळालं का, साक्षीदाराची उलटतपासणी घेता आली का? शिक्षण कायद्यावरची पाच पुस्तकं पाठ केली आणि प्रशासकीय कायदा कच्चा राहिला, तर ट्रिब्युनलमध्ये पहिल्याच प्रश्नाला गप्प बसावं लागेल. शिक्षकांची बाजू घेणारे पुष्कळ जण अनुच्छेद 311 काढून दाखवतात. ते संघराज्याच्या किंवा राज्याच्या सेवेतल्या नागरी पदांसाठी आहे. खाजगी शाळेच्या शिक्षिकेचं संरक्षण तिच्या एमईपीएसमध्ये आहे. हे एक जरी पक्कं केलंत तरी अर्ध्या लोकांच्या पुढे आहात.

म्हणून तिसरं पुस्तक संविधान. शासनाने काढलेली 'भारताचे संविधान' ही मराठी आवृत्ती घ्या. अनुच्छेद 14, 15(5), 19(1)(जी), 21ए, 29, 30, 45 आणि 226 एवढे आधी. मग सातव्या अनुसूचीत समवर्ती सूचीतली नोंद 25 बघा. शिक्षण मुळात राज्य सूचीत होतं. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत आलं, म्हणूनच 2009 मध्ये संसद आरटीई करू शकली आणि म्हणूनच तुमच्या शाळेवर दिल्ली आणि मुंबई दोघांचे कायदे एकदम चालतात. इतिहासाच्या बाईंना हे सांगायला नको.

संविधानावरचं पाठ्यपुस्तक मात्र एक हवं. यादीतली तीन खोडा आणि एकच ठेवा. व्ही. एन. शुक्लांचं मला पुरेसं वाटतं, आटोपशीर आहे. दुसऱ्या वर्षानंतर जी. पी. सिंग यांचं कायद्याच्या अर्थनिर्णयावरचं पुस्तक ग्रंथालयातून आणा, विकत घ्यायची घाई नको. ग्लॅनव्हिल विल्यम्सचं 'लर्निंग द लॉ' तुमच्या यादीत पहिलं आहे. चांगलं आहे, पण ते इंग्लंडच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं. निकाल कसा वाचावा एवढं प्रकरण वाचा, तिथली कोर्टं पाठ करत बसू नका.

एमईपीएसवरची जाड कॉमेंटरी आत्ता घेऊ नका. ती वकिली सुरू करताना घ्यायची वस्तू आहे, आणि तेव्हाही नवी. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. सुरुवातीच्या काळात मी एक कॉमेंटरी जुन्या बाजारातून घेतली होती, कापडी बांधणी, पाहताक्षणी वकील झाल्यासारखं वाटावं अशी. ट्रिब्युनलमध्ये तिच्यातला एक पोटनियम ठसक्यात वाचून दाखवला. पीठासीन अधिकाऱ्यांनी चष्मा खाली करून विचारलं, "हा अजून असाच आहे का?" नव्हता. मधल्या काळात दुरुस्ती झाली होती. माझ्या अशिलाचं नशीब एवढंच की समोरच्या वकिलांकडेही तीच आवृत्ती निघाली.

कायद्याचं पुस्तक म्हणून तारखेनं घ्यायचं. दुकानात किंवा ग्रंथालयात उभ्या उभ्या तीन पानं उघडा. आरटीईचं कलम 16 काढा. आठवीपर्यंत कुणालाच मागे ठेवता येत नाही, एवढंच लिहिलं असेल तर पुस्तक 2019 च्या दुरुस्तीआधीचं आहे. त्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला नियमित परीक्षा आणली, नापास झालेल्याला दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी दिली आणि त्यानंतर मागे ठेवायचं की नाही ते सरकारवर सोपवलं. मग पंचवीस टक्क्यांवर या. 2024 चा तो उच्च न्यायालयाचा निकाल आहे का? शेवटी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 ला, महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात, आठवीपर्यंत शिकवणाऱ्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी लागू केली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असेल तर दोन वर्षांत पास व्हायचं. पाच वर्षांहून कमी असेल तर नोकरी राहील, पण टीईटीशिवाय बढती नाही. त्याच निकालात, अल्पसंख्याक शाळांना आरटीईतून पूर्ण सूट देणाऱ्या 2014 च्या पाच न्यायमूर्तींच्या 'प्रमती' निकालाबद्दल शंका घेऊन तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवायचा का, हे सरन्यायाधीशांपुढे ठेवायला सांगितलं. ही तीन पानं धड नसतील तर बांधणी कितीही देखणी असो, पुस्तक खाली ठेवा.

सेकंडहँड घ्यायचंच तर संविधान, करार, अपकृत्य यांचं घ्या, तिथे दोन-तीन वर्षांचा फरक सोसतो. फौजदारीचं आणि पुराव्याचं अजिबात नको. 1 जुलै 2024 पासून दंडसंहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियम तिन्ही जाऊन भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आलेत, आणि कलमांचे आकडे पार बदललेत. पदपथावर जुन्या संहितांची जाड पुस्तकं किलोच्या भावात दिसतील. मोह आवरा.

पुस्तकं थोडी घ्या असं म्हणते, कारण वेळ निकालांना द्यायचा आहे. आणि निकाल सुटे वाचले तर फसायला होतं. एक ओळ धरून वाचा. 1992 मध्ये मेरठच्या मोहिनी जैनला कर्नाटकातल्या खाजगी मेडिकल कॉलेजने पहिल्या वर्षाचे 60,000 रुपये मागितले. सरकारी जागेवरच्या विद्यार्थ्याला 2,000 होते. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, शिक्षण हा हक्क आहे. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन प्रकरणात मोठ्या पीठाने तो हक्क चौदा वर्षांच्या वयापर्यंत आणून बसवला आणि व्यावसायिक कॉलेजांच्या प्रवेशासाठी एक योजना घालून दिली. 31 ऑक्टोबर 2002 ला टी. एम. ए. पै प्रकरणात अकरा न्यायमूर्तींनी ती योजना मोडीत काढली, पण चौदा वर्षांपर्यंतचा हक्क तसाच राहू दिला. त्याच वर्षी 12 डिसेंबरला शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि शिक्षणाच्या मूलभूत हक्काचा अनुच्छेद 21ए आला. प्रत्यक्ष अंमल मात्र आरटीईबरोबर, 1 एप्रिल 2010 पासून. आता कुणी गाइड म्हणत असेल की "पै निकालाने उन्नीकृष्णन रद्द झाला", तर ते अर्धवट आहे. कोणता भाग गेला आणि कोणता उरला हे सांगणारं पुस्तक चांगलं. पुढे 2005 चा इनामदार आणि 2012 चा राजस्थानच्या विनाअनुदानित शाळांचा निकाल जोडा, म्हणजे ओळ आजपर्यंत येते.

यांच्यासमोर (2012) 6 एससीसी 1 असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. घाबरू नका. साल, खंड, कोणत्या निकालपत्रिकेत, कितवं पान. कादंबरीचा भाग आणि पान सांगावं इतकंच ते आहे. आणि हेडनोट, म्हणजे निकालाच्या सुरुवातीला छापलेला सारांश, वाचून थांबू नका. ती संपादकाने लिहिलेली असते, न्यायमूर्तींनी नव्हे.

इंग्रजीचं बोलू. उच्च न्यायालयाचं कामकाज अनुच्छेद 348 मुळे इंग्रजीत चालतं, तेव्हा इंग्रजी वाचनाला पर्याय नाही. पण तुम्हाला वाटतं तितकं ते दूर नाही. कायद्याच्या इंग्रजीत पंधरा-वीस शब्दांवर सगळा भार असतो आणि त्यांचे मराठी जोड ठरलेले आहेत. 'शॅल' म्हणजे "करील", 'मे' म्हणजे "करू शकेल" किंवा "करता येईल". तुमच्या अपिलात अख्खा वाद या दोन क्रियापदांत असू शकतो. 'प्रोव्हायडेड दॅट' आलं की "परंतु", म्हणजे आता अपवाद येतोय, पेन्सिल घ्या. 'नॉटविथस्टँडिंग' म्हणजे "काहीही अंतर्भूत असले तरी", म्हणजे हे कलम बाकीच्यांवर चढतं. 'सब्जेक्ट टू' उलटं, "अधीन राहून", म्हणजे हे कलम दुसऱ्याखाली वाकतं. आणि 'प्रिस्क्राइब्ड', "विहित" हा शब्द दिसला की कलम बंद करून नियम उघडायचे, कारण उत्तर तिथे आहे. रोज एक कलम आधी मराठीत, मग इंग्रजीत, मोठ्याने. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला यात गंमत वाटेल. भाषा संचालनालयाचा 'न्याय व्यवहार कोश' मिळवा. ही एक खरेदी मी डोळे झाकून सुचवते. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निवडक निकालांचे मराठी अनुवादही असतात. अनुवाद कधीकधी दगडासारखा जड असतो, पण शेजारी इंग्रजी ठेवून वाचायला उत्तम.

सीईटीवर फार शाई घालवत नाही. राज्य सीईटी कक्ष घेतो, बहुपर्यायी असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. प्रश्नसंख्या आणि विभागांची वाटणी मध्ये बदललेली आहे, म्हणून कुणाच्या जुन्या गाइडवर विसंबू नका, त्या वर्षीची माहिती पुस्तिका उतरवून घ्या. सामान्य ज्ञान आणि राज्यघटना तुमच्या हातची. वेळ जाईल तो इंग्रजीत आणि तर्कशक्तीच्या प्रश्नांत. यादीतली सीईटीची चार पुस्तकं खोडून सराव प्रश्नांचं चालू वर्षाचं एक ठेवा आणि घड्याळ लावून सोडवा. पदवीला खुल्या गटात 45 टक्के लागतात, ते तपासून घ्या. वयाची चिंता सोडा.

नोकरीचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि पत्रात तुम्ही तो शेवटी एका ओळीत टाकलाय. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी लागते. दूरस्थ शिक्षणाने केलेलं एलएलबी वकिलीच्या सनदेसाठी चालत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये कौन्सिलने परिपत्रक काढून कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी घ्यायला सांगितलं, आणि नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याने ती जाहीर करून मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र द्यावं असंही सांगितलं. तेव्हा "फक्त परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो" म्हणणाऱ्या कॉलेजाच्या पायरीवरही उभ्या राहू नका. उद्या शिक्षकांच्या हजेरीपटावर बोलणाऱ्या वकिलाचा स्वतःचा हजेरीपट खोटा असेल, तर समोरचा वकील तो शोधून काढेल. मी तरी काढीन.

म्हणून क्रम असा ठेवा. प्रवेशाआधी संस्थेकडे लेखी परवानगी मागा. तोंडी "करा हो बाई" नको. पोच घ्या. चौकशी समितीत तुम्ही वेगळं मत दिलंय, अध्यक्षांच्या ते लक्षात असणार. नकार आला तरी तो लेखी येऊ दे. सकाळचे वर्ग असलेलं कॉलेज जवळ असेल आणि तुमची शाळा दुपारच्या सत्राची असेल, तर जमण्यासारखं आहे. नसेल तर बिनपगारी रजेचा हिशेब घरच्यांबरोबर बसून करा. राजीनामा मात्र आत्ता देऊ नका. आणि एक लक्षात ठेवा: पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांतला नियम 49. म्हणजे पदवी नोकरीत राहून कदाचित होईल, सनद घेऊन उभं राहताना नोकरी सुटेल. तो निर्णय तीन वर्षांनंतरचा आहे.

तोवर एक फुकटची शाळा आहे. ट्रिब्युनलचं कामकाज खुलं असतं, मागच्या बाकावर जाऊन बसा. अडचण एकच, दिवाळीत आणि मे महिन्यात शाळेला सुट्टी असते तेव्हा कोर्टालाही असते. पण कोर्ट बहुधा शाळेच्या थोडं आधी उघडतं. जूनमधले ते मोजके दिवस वाया घालवू नका. वकील काय बोलतात त्यापेक्षा पीठासीन अधिकारी कोणता कागद मागतात ते वहीत लिहा. बहुतेक वेळा नियुक्तीपत्र, वैयक्तिक मान्यतेचा आदेश, सेवाज्येष्ठता यादी, आरोपपत्र आणि पोचपावत्या, याच कागदांवर खटला फिरतो.

आणि घरी गेल्यावर स्वतःचं पहिलं नियुक्तीपत्र काढा. त्यावर "तात्पुरते" लिहिलंय की "परिवीक्षाधीन", म्हणजे प्रोबेशनवर? मुदत दिली आहे का? मग एमईपीएसचं कलम 5 उघडून त्या कागदाशेजारी ठेवा. कायम रिक्त पद आणि तात्पुरतं पद यात कलम काय फरक करतं, दोन वर्षांची परिवीक्षा कुणाला आणि शिक्षण सेवकाची तीन वर्षं कुणाला, हे स्वतःच्या कागदावर ताडून पाहा. पंधरा वर्षं तुम्ही त्या कागदावर पगार घेताय. मला कळवा काय सापडलं ते. त्यानंतर कलम 9 वाचा, अपिलाचं. आदेश मिळाल्यापासून तीस दिवस. मुदत संपल्यावर माझ्याकडे आलेले शिक्षक आठवले की अजून वाईट वाटतं. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण "मला माहीत नव्हतं" हे सांगताना समोरचा माणूस शिक्षक असला की कोर्टाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

ता. क. ची उत्तरं मी सहसा देत नाही, पण हे देते. बेअर ॲक्टमध्ये खुणा जरूर करा, समासात तारीख घालून करा, पण पेनाने नको. पेन्सिलीने करा. कलमं बदलतात आणि तेव्हा खोडायला बरं पडतं.